पाणथळ जागांचा कार्यक्रम आखताना: पाणी कुणाच्या हातात, झळ कुणाला?

प्रश्न असा आहे: एका नदीखोऱ्यात विखुरलेल्या लहानमोठ्या वीसेक पाणथळ जागा आहेत, पाच वर्षांपुरता निधी मिळणार आहे आणि संवर्धनाबरोबर काठच्या माणसांच्याही पदरात काही पडेल असा कार्यक्रम आखायचा आहे. सुरुवात कुठून करावी, किती जागा हाती घ्याव्यात, लोकांचा फायदा ठरवावा कसा आणि पैसे संपल्यावर पुढे काय, असे चार उपप्रश्न त्यात आहेत.

या कामात बरीच वर्षं गेल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. आराखडा पक्ष्यांच्या यादीपासून सुरू करू नका आणि लाभार्थ्यांच्या यादीपासूनही नको. आधी दोन कागद तयार करा. पहिल्यावर या जागांचं पाणी कुणाच्या हातात आहे ते लिहा. दुसऱ्यावर काम सुरू झालं की सर्वांत आधी झळ कुणाला बसेल ते लिहा. हे दोन कागद खरे उतरले तर बाकीचा आराखडा त्यांतूनच निघतो. ते घाईत भरलेले असतील तर पुढची दोनशे पानं कितीही देखणी असली तरी कामाची नाहीत.

पाण्यापासून सुरू करतो. पाणी केव्हा येतं, कुठवर चढतं, किती दिवस थांबतं आणि केव्हा उतरतं, यावर पाणथळ जागेतलं सगळं जगणं चालतं. माशांची वीण पाणी चढण्याच्या वेळेशी बांधलेली असते. काठचं गवत उगवतं ते पाणी ओसरल्यावर. चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांना वीतभर पाणी पुरतं, त्याहून खोल पाण्यात त्यांना अन्न मिळत नाही. त्यामुळे ‘बारमाही पाणी’ हे उद्दिष्ट म्हणून लिहिलेलं दिसलं की मी तिथेच थांबतो आणि विचारतो, या जागेला बारमाही पाणी हवंच आहे का?

मणिपूरमधलं लोकटक सरोवर याचं ठळक उदाहरण आहे. तिथे ‘फुमदी’ म्हणजे वनस्पती, मुळं आणि माती यांची तरंगती बेटं असतात आणि कैबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यानातलं संगाई हरीण त्यांच्यावरच जगतं. पूर्वी कोरड्या हंगामात पाणी उतरलं की ही बेटं तळाला टेकायची, मुळांना जमिनीतलं पोषण मिळायचं आणि पाऊस आला की ती पुन्हा वर यायची. १९८३ मध्ये वीजनिर्मितीसाठी इथाई बंधारा सुरू झाला आणि पाण्याची पातळी वर्षभर वर राहू लागली. बेटं टेकायची थांबली, हळूहळू पातळ झाली आणि हरणाचा भार पेलेनाशी झाली. काठच्या शेतजमिनीही पाण्याखाली गेल्या. सरोवराच्या काठावर कितीही झाडं लावली, कितीही शाळांमध्ये व्याख्यानं दिली, तरी यावरचा खरा उपाय बंधाऱ्याच्या दारांच्या वेळापत्रकातच आहे.

उलट दिशेचं उदाहरण मॉरिटानियातल्या जावलिंगचं. सेनेगल नदीच्या मुखाशी १९८६ मध्ये दियामा धरण उभं राहिलं. समुद्राचं खारं पाणी वर चढू नये हा त्याचा हेतू होता. पण त्याच्या खालचा त्रिभुज प्रदेश पुराच्या गोड्या पाण्याला मुकला आणि जमीन मिठाळ झाली. मासे गेले आणि चटया विणण्यासाठी बायका जे गवत कापत ते गवतही गेलं. १९९१ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९४ पासून दारं उघडून मुद्दाम पूर आणायला सुरुवात झाली. यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की पुराची वेळ आणि उंची ठरवताना मासेमार, गुरं राखणारे आणि चटया विणणाऱ्या बायका या तिघांच्याही गरजा समोर ठेवल्या गेल्या. गवत परतलं, मासे परतले, पक्षीही परतले. संवर्धन आणि लोकांचा फायदा अशी दोन वेगळी प्रकरणं तिथे लिहावी लागली नाहीत. पुराच्या वेळापत्रकातच दोन्ही आलं.

तेव्हा पहिला कागद म्हणजे दारांची यादी. खोऱ्यातलं प्रत्येक धरण, बंधारा, सांडवा, कालव्याचं तोंड, पंपघर, रस्त्याखालची मोरी, सगळं त्यात यायला हवं. मोरी विसरू नका. रस्ता रुंद करताना एक मोरी बुजली म्हणून वरची अर्धी दलदल सुकल्याचं आणि खालच्या बाजूला पाणी साचून राहिल्याचं अनेक ठिकाणी दिसतं. प्रत्येक दारासमोर चार रकाने ठेवा: कागदोपत्री अधिकार कुणाचा, चाक प्रत्यक्षात फिरवतो कोण, कुणाच्या सांगण्यावरून फिरवतो आणि कोणत्या महिन्यात. तिसरा रकाना भरायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. दार चालवणाऱ्या माणसासोबत त्याच्या चौकीत दोन-तीन तास बसल्याशिवाय तो भरला जात नाही. वरिष्ठांच्या नियमावलीत एक असतं, पण शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचा फोन आला की दार दोन बोटं वर जातं, खाली तळ्यात जाळी लावलेली असली की मासेमार येऊन ते खाली करायला सांगतात, आणि दोघांचंही ऐकून त्या माणसाने स्वतःची एक पद्धत बसवलेली असते. ती पद्धत समजली की तुमच्या कार्यक्रमाची निम्मी वाटाघाट कुणाशी करायची आहे ते कळतं.

याच्या जोडीला पाण्याचा ताळेबंद हवा: आत किती येतं, बाहेर किती जातं, बाष्पीभवन किती, झिरपा किती, उपसा किती. यासाठी महागड्या यंत्रणेची गरज नाही. प्रत्येक जागी एक पक्की मोजपट्टी रोवा आणि रोज ठरल्या वेळी आकडा लिहून ठेवणारं काठावरचं एक माणूस नेमा, त्याला मोबदला द्या. लँडसॅट उपग्रहांच्या १९८० च्या दशकापासूनच्या प्रतिमा मोफत मिळतात. त्यांवरून गेल्या चाळीस वर्षांत पाणी कुठवर पसरत होतं याचा हंगामवार नकाशा काढता येतो. पावसाळ्यात ढग आडवे येतात तेव्हा सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार प्रतिमा वापरा, रडारला ढगांपलीकडचं दिसतं. मग ते नकाशे घेऊन म्हाताऱ्या माणसांबरोबर शिवारफेरी करा. ‘त्या वर्षी पाणी या बांधापर्यंत होतं’ असं कुणी सांगितलं आणि नकाशात ते जुळलं नाही, तर ताबडतोब नकाशावर विश्वास ठेवू नका. उपग्रहाने त्या आठवड्यात प्रतिमा घेतलीच नसेल, किंवा उंच गवताखालचं पाणी त्याला दिसलं नसेल.

ताळेबंद हातात आला की पाणी सोडणाऱ्या यंत्रणेशी लेखी करार करा. किती पाणी, कोणत्या काळात, कोण सोडणार, आणि टंचाईच्या वर्षी काय करायचं. शेवटचं कलम सर्वांत महत्त्वाचं आहे, कारण चांगल्या पावसाच्या वर्षी कराराची गरजच पडत नाही. टंचाईच्या वर्षी पाणथळ जागेचा वाटा शून्य होणार नाही, कमी झाला तरी सगळ्यांच्या वाट्याइतक्याच प्रमाणात कमी होईल, एवढं एक वाक्य मिळवलंत तरी पाच वर्षांचं मोठं काम झालं.

आता जागांच्या निवडीबद्दल. इराणमधल्या रामसर शहरात २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने पाणथळ जागेची व्याख्या फार उदार केली आहे. नैसर्गिक वा मानवनिर्मित, कायमची वा हंगामी, गोडी वा खारी, वाहती वा साचलेली, आणि समुद्रात ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असलेला भाग, हे सगळं त्यात येतं. पण कार्यक्रम आखताना नजर मोठ्या आणि प्रसिद्ध सरोवरावर जाते. वर्षातले चार महिनेच भरणारी डबकी आणि खाचरं यादीतून गळतात, कारण नकाशाच्या प्रमाणात ती ठिपक्याएवढीच दिसतात. बेडकांची वीण बहुतेक तिथेच होते, कारण सुकणाऱ्या पाण्यात अंडी खाणारे मोठे मासे टिकत नाहीत. पक्षीही एका जागेवर जगत नाहीत. रात्र एकीकडे काढतात, चरतात दुसरीकडे, आणि एक तळं अचानक सुकलं तर तिसरीकडे जातात. म्हणून वीस जागांची गुणवत्तेनुसार क्रमवारी लावून वरच्या पाच निवडणं ही पद्धत मला पटत नाही. कोणती जागा कोणत्या जागेला पाणी, मासे किंवा पक्षी पुरवते ते जोडून पाहा आणि अशी जोडलेली एक साखळी उचला.

किती जागा, याचं माझं उत्तर: पहिल्या पाच वर्षांत प्रत्यक्ष कामासाठी तीन किंवा चार. उरलेल्या सगळ्या ठिकाणी फक्त मोजपट्टी, नकाशा आणि वर्षाला एक बैठक. पाच वर्षांत वीस ठिकाणी हक्कांची बोलणी नीट करू शकेल इतकी अनुभवी माणसं कुणाकडेच नसतात. वीस ठिकाणी काम दाखवायचं असेल तर वीस फलक लागतात आणि वीस घाट बांधले जातात, पाण्याचं आणि हक्कांचं काम तसंच राहतं.

दुसरा कागद झळीचा. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात जे झालं ते प्रत्येक नियोजकाने वाचायला हवं. तिथे आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या चरत होत्या. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई बंद केली गेली. बदल्यात चाऱ्याची सोय झाली नव्हती. संघर्ष पेटला, पोलिसांच्या गोळीबारात गावकरी मारले गेले. इतकी मोठी किंमत मोजून पक्ष्यांचा फायदा झाला का? म्हशी खात होत्या ते पास्पालम जातीचं पाणगवत बेसुमार वाढलं आणि त्याने उघडं पाणी गिळलं. बदकांना उतरायला जागा कमी झाली. तिथे दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी म्हशींची चराई त्या पाणथळीला उपकारक होती, असा निष्कर्ष काढला. पुढे गावकऱ्यांना गवत कापून नेऊ देण्याची वाट काढावी लागली.

स्वीडनमध्ये क्रिस्टियानस्टाड शहराजवळ हेल्गे नदीकाठची पूरकुरणं आहेत. तिथे कुणाला हाकलून दिलं नव्हतं. गवत कापणं आणि गुरं सोडणं परवडेना म्हणून शेतकऱ्यांनी ते आपणहून सोडलं. जागेला रामसर दर्जा होता, म्हणजे त्या कराराच्या महत्त्वाच्या जागांच्या यादीत ती होती, तरीही कुरणांवर घरटी करणारे पक्षी घटत गेले, कारण उंच गवतात आणि झुडपात त्यांना घरटी करता येईनात. स्वेन-एरिक मॅग्नसन यांनी १९८० च्या दशकात हे नीट मांडलं, शेतकऱ्यांना पुन्हा कुरणांवर आणण्याची व्यवस्था उभी राहिली आणि २००५ मध्ये तो भाग युनेस्कोचा जीवावरण राखीव प्रदेश झाला. दोन देश, दोन वेगळी कारणं, परिणाम एकच. पाणथळ जागेतलं माणसाचं काम थांबवण्याआधी ते काम तिथे काय साधत होतं हे तपासलंच पाहिजे. रामसर करारातली ‘सुज्ञ वापर’ ही कल्पनाही वापर बंद करायला सांगत नाही.

झळ कुणाला बसेल हे शोधायची सर्वांत विश्वासाची पद्धत म्हणजे हंगामाचं कोष्टक. जमिनीवर खडूने किंवा काठीने बारा चौकोन आखा, प्रत्येक महिन्याचा एक. मग एकेका घरातल्या माणसांना बोलवा आणि त्या महिन्यात पाणथळीतून काय आणता ते खड्यांनी मांडायला सांगा: मासे, खेकडे, चारा, जळण, लव्हाळं, पाणकणीस, भाजी, औषधी मुळं, गाळपेराचं पीक, गुरांचं पाणी. जितकं जास्त आणता तितके खडे जास्त. बायकांचं कोष्टक वेगळं करा, पुरुषांसमोर त्या गप्प राहतात म्हणून आणि त्यांचे महिनेही वेगळे असतात म्हणून. भूमिहीनांचं वेगळं, बाहेरून गुरं घेऊन येणाऱ्यांचं वेगळं. ही कोष्टकं एकाखाली एक ठेवली की एक गोष्ट लख्ख दिसते. ज्या दोन-तीन महिन्यांत शेतात काम नसतं आणि साठवलेलं धान्य संपत आलेलं असतं, त्याच महिन्यांच्या चौकोनांत गरिबांच्या घरचे खडे सर्वांत जास्त पडतात. आणि विणीच्या काळात मासेमारी बंद, घरट्यांच्या काळात गवतकापणी बंद, हे आपले निर्बंध बऱ्याचदा नेमके त्याच चौकोनांवर येऊन बसतात.

म्हणून लोकांच्या फायद्याबद्दल माझा एक नियम आहे. फायदा त्या घराला मिळाला पाहिजे ज्याचं नुकसान होतं आणि त्या महिन्यात मिळाला पाहिजे ज्या महिन्यात नुकसान होतं. गावाला सभागृह मिळालं, दिवे लागले, बचतगटाला शिलाई यंत्रं मिळाली, हे चांगलंच आहे. पण ज्या बाईचं लव्हाळं बंद झालं ती त्या सभागृहातून संध्याकाळचं काही आणू शकत नाही. अहवालात ‘लाभार्थी कुटुंबं’ असा एक आकडा असतो, त्याच्या शेजारी ‘झळ बसलेली कुटुंबं’ हा रकाना ठेवा आणि दोन्हीकडची नावं जुळतात का पाहा. जुळत नसतील तर कार्यक्रम दुरुस्त करा, आकडा नव्हे.

दुसरं, नुकसान आधी येतं आणि फायदा मागून. मासेमारीपासून राखलेला डोह पहिल्या हंगामात काहीच देत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात आजूबाजूच्या पाण्यात मासळी वाढते. मधला काळ कोण निभावणार? याची तरतूद अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून हवी. गाळ काढणं, जलपर्णी उपसणं, मोजणी, राखण ही कामं याच घरांना याच महिन्यांत द्या. मजुरी हा कायमचा लाभ नाही, पण मधला पूल म्हणून ती उत्तम आहे.

कायमचा लाभ मासळी, चारा, गवत, पाणी यांतून यायला हवा, असं मी मानतो. बांगलादेशात हाईल हाओर नावाचा विस्तीर्ण पाणथळ प्रदेश आहे, पावसाळ्यात दूरवर पसरणारा आणि कोरड्या दिवसांत आक्रसणारा. त्यातला बाइक्का बील हा सुमारे १०० हेक्टरचा भाग २००३ मध्ये मासेमारीसाठी कायमचा बंद केला गेला आणि त्याची व्यवस्था स्थानिक संघटनेकडे आली. जाळी ओढता येऊ नयेत आणि माशांना आसरा मिळावा म्हणून तळाशी काँक्रीटचे अडथळे टाकले. कोरड्या दिवसांत उरलेल्या डोहात प्रजननक्षम मासे वाचतात आणि पाऊस आला की सगळ्या हाओरभर पसरतात, एवढंच त्यामागचं तत्त्व. हाओरची मासळी वाढली आणि पाणपक्ष्यांनाही निवांत जागा मिळाली. लक्षात घ्या, बंदी सगळ्या हाओरवर नव्हती, एका छोट्या पण नेमक्या तुकड्यावर होती. आणि तो तुकडा कोणता हे मासेमारांना आधीच ठाऊक असतं.

शहराजवळची पाणथळ असेल तर सांडपाण्याचा विचार करा. पूर्व कोलकात्याच्या सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ प्रदेशात शहराचं सांडपाणी उथळ तलावांत घेतलं जातं. ऊन आणि शेवाळ मिळून ते शुद्ध करतात, त्यावर मासे वाढतात आणि बाहेर पडणारं पाणी भातशेतीला जातं. ही पद्धत मासेमारांनीच विकसित केली होती. ध्रुबज्योती घोष या अभियंत्याने ती १९८० च्या दशकापासून जगापुढे मांडली आणि २००२ मध्ये त्या प्रदेशाला रामसर दर्जा मिळाला. युगांडात कंपालाजवळच्या नाकिवुबो दलदलीचा १९९९ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा ती फुकटात करत असलेल्या सांडपाणी शुद्धीकरणाची किंमत वर्षाला १० लाख ते साडेसतरा लाख डॉलर इतकी निघाली. असे आकडे अर्थखात्याला पटवायला उपयोगी पडतात. पण त्या सेवेचा पैसा काठावरच्या माणसांपर्यंत पोचण्याची वाट वेगळी बांधावी लागते, आकडा काढल्याने तो पोचत नाही.

पर्यटनाबद्दल माझ्या अपेक्षा माफक आहेत. वीस जागांपैकी एखाद-दुसरीकडे पाहुणे येतील, तेही थोडे महिने, आणि पैसा होडीवाल्या-गाडीवाल्यांच्या हातात राहील. कार्बन निधीबद्दल, म्हणजे झाडं आणि चिखल कार्बन साठवून ठेवतात त्याच्या मोबदल्यात मिळणाऱ्या पैशाबद्दल, बरंच विचारलं जातं. केनियातल्या गाझी उपसागराकाठी ‘मिकोको पामोजा’ हा खारफुटीचा प्रकल्प २०१३ पासून चालू आहे. ११७ हेक्टर खारफुटी राखून मिळणारा पैसा गाव पिण्याच्या पाण्यावर आणि शाळांवर खर्च करतं, कशावर करायचा ते गावच ठरवतं. प्रकल्प लहान आहे आणि नीट चालला आहे, कारण वाटणीचा निर्णय गावाकडे आहे. पण मोजणी आणि प्रमाणपत्र यांचा खर्च मोठा, भाव खालीवर होणारे आणि बांधिलकी कित्येक वर्षांची. तुमच्या खोऱ्यात खारफुटी किंवा पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, दलदल नसेल तर या वाटेला जाऊ नका.

हक्कांचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो सगळ्यांत अवघड आहे. पाणथळ सुधारली की तिची किंमत वाढते आणि किंमत वाढली की बलदंड लोक येतात. ओडिशातल्या चिलिका सरोवरात कोळंबीला निर्यातीचा भाव आला तेव्हा पारंपरिक मासेमारांच्या पाण्यात जाळीचे आणि मातीचे बंदिस्त घेर उभे राहिले आणि त्यात बाहेरचा पैसा उतरला. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिलिकाच्या १,००० मीटरच्या आत कोळंबीशेतीला मनाई केली, तरी तो संघर्ष पुढेही चालू राहिला. त्याच चिलिकाची पाण्याची बाजू मात्र उत्तम सांभाळली गेली. गाळाने समुद्राकडचं तोंड बुजत चाललं होतं, खारेपणा घटला होता, पाणवनस्पती माजल्या होत्या आणि १९९३ मध्ये सरोवर रामसरच्या धोक्यातल्या जागांच्या नोंदीत, म्हणजे माँत्रो नोंदीत गेलं. अभ्यासाअंती सप्टेंबर २००० मध्ये नवं तोंड खोदलं गेलं, मासळी काही पटींनी वाढली आणि २००२ मध्ये चिलिका त्या नोंदीतून बाहेर आलं. जलशास्त्राचा इतका सुंदर विजय क्वचितच दिसतो. पण वाढलेली मासळी कुणाची, हे खोदकाम ठरवत नाही.

म्हणून कामाला हात लावण्याआधी वहिवाट लिहून काढा. कुणाची जाळी कुठे, कोणत्या महिन्यात, गवताच्या पट्ट्या कुणाच्या, गुरांची वाट कोणती. त्यावर सह्या, अंगठे आणि शक्य तिथे सरकारी शिक्का घ्या. मासेमारीचा ठेका लिलावाने जात असेल तर तो वापरकर्त्यांच्या संस्थेला दीर्घ मुदतीने मिळावा यासाठी पहिल्याच वर्षी प्रयत्न करा. वर्षाच्या ठेक्यात पुढच्या वर्षाची मासळी राखण्याचं कारण कुणालाच उरत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामायिक संसाधनांच्या अभ्यासातून जी तत्त्वं मांडली आणि ज्या कामासाठी त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ती इथे तंतोतंत लागू पडतात: हद्द स्पष्ट, नियम वापरणाऱ्यांनी केलेले, राखणदार त्यांनाच उत्तरदायी, पहिल्या चुकीला किरकोळ दंड आणि पुढे चढता, तंटा जवळच मिटेल अशी सोय, आणि या सगळ्याला शासनाची मान्यता. शेवटची अट नसेल तर बाकीच्या सगळ्या एका बदलीच्या आदेशाने उडून जातात.

बांधकामाबद्दल थोडक्यात पण कळकळीने सांगतो. सरसकट खोलीकरण करू नका. उथळ काठ हाच पाणथळीचा सगळ्यांत जिवंत भाग असतो. तो खोदून उभे काठ केले की माशांची वीण आणि पक्ष्यांचं चरणं दोन्ही थांबतं, आणि तळाचा चिकणमातीचा थर फुटला तर पाणीच थांबत नाही. दगडी भिंत आणि काठालगतचा फिरायचा रस्ता यांनीही तेच होतं. जलपर्णी यंत्राने दरवर्षी उपसायची आणि वरून सांडपाणी येत राहू द्यायचं, यात पैशाला अंत नाही, आधी नाला हाताळा. खारफुटीची रोपं उघड्या चिखलपट्ट्यांवर लावू नका. तिथे ती पूर्वीही नव्हती, कारण भरतीचं पाणी तिथे गरजेपेक्षा जास्त वेळ थांबतं. रॉबिन लुईस या अमेरिकी शास्त्रज्ञाने आयुष्यभर हेच सांगितलं की भरती-ओहोटीचा प्रवाह मोकळा करा, बिया आपोआप येतात. जिथे बिया येत नाहीत तिथेच रोपं लावा.

मोजणी कमी ठेवा, पण सोडू नका. रोजची पाणीपातळी. मासळी उतरवण्याच्या ठिकाणी ठरावीक दिवशी तिचं वजन आणि त्यासाठी किती जाळी किती तास लागली. जानेवारीतली पाणपक्षी गणना, जी आशियाभर १९८७ पासून होते, त्यामुळे तुमचे आकडे इतरांशी ताडता येतात. आणि वर्षातून एकदा तेच खड्यांचं कोष्टक, त्याच घरांबरोबर. जाळी-तासांची नोंद नसेल तर मासळी वाढली की मासेमारी वाढली हे कधीच कळणार नाही.

पाच वर्षांनंतरचं आर्थिक गणित पहिल्या वर्षीच करा. दारांची देखभाल, मोजणाऱ्यांचं मानधन, राखण आणि बैठका, एवढाच तो खर्च असतो आणि तो फार मोठा नसतो. हाईल हाओरच्या कार्यक्रमात कायमनिधी ठेवून त्याच्या उत्पन्नातून स्थानिक समित्यांचं काम पुढे चालावं अशी सोय केली होती. माझ्या मते एकूण निधीचा पाचवा हिस्सा अशा कायमनिधीसाठी बाजूला काढावा. देणगीदार सहसा याला तयार नसतात, कारण खर्च झालेला पैसाच त्यांच्या अहवालात दिसतो. करारावर सही होण्याआधी हा मुद्दा लावून धरा, नंतर तो मान्य होत नाही. त्याच वेळी आणखी एक गोष्ट मागून घ्या: पहिलं वर्ष बांधकामाविना जाईल आणि त्या वर्षाचं फलित म्हणून दारांची यादी, वर्षभराच्या पाणीपातळीच्या नोंदी, हंगामाची कोष्टकं आणि वहिवाटीचा सह्यांचा कागद ग्राह्य धरला जाईल. देणगीदार याला तयार नसेल तर जागा चारवरून दोनवर आणा, पण ते वर्ष सोडू नका.